मदत हवी आहे: बॉबर केलेल्या २००२ च्या बुलेटची बॅटरी चालत्या गाडीत उतरते

नमस्कार.

माझ्याकडे २००२ सालची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. लोखंडी इंजिन, उजव्या पायाचे चार गिअर, सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक स्विचवर) चालणारे इग्निशन आणि फक्त किक, असा तो जुना घाट आहे. गाडी मूळ वडिलांची. गेल्या वर्षी मी ती एका कस्टम गॅरेजकडून बॉबर करून घेतली. मागचा मडगार्ड कापला, एकेरी सीट बसवली, चासीला काळे पावडर कोटिंग केले, आणि हेडलाइट, स्पीडोमीटर व अँपिअर मीटर ज्यात एकत्र बसलेले असतात ते पुढचे मूळ डोके काढून तिथे लहान गोल हेडलाइट लावला. टायगर लॅम्प, म्हणजे हेडलाइटच्या दोन बाजूंचे छोटे दिवेही, त्याबरोबर गेले. वायरिंग पूर्ण नवीन केले असून ते शक्य तेवढे चासीच्या आडून नेले आहे. काम देखणे झाले आहे, याबद्दल तक्रार नाही.

तक्रार अशी की, गाडी दिवसा कितीही चालवली तरी काही होत नाही, पण रात्री दिवा लावून दीड-दोन तास चालवली की बॅटरी उतरते. मागच्या महिन्यात कोल्हापूरहून सांगलीला परत येताना हातकणंगले ओलांडल्यावर आधी हॉर्नचा आवाज घोगरा झाला, मग हेडलाइट पिवळा पडत गेला, आणि जयसिंगपूरच्या अलीकडे इंजिन अडखळू लागले. सीबी पॉइंटच्या या गाडीत ठिणगीही बॅटरीवरच अवलंबून असल्यामुळे दिवा गेला तरी इंजिन चालेल अशी आशा नव्हती. दिवा बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी गाडी पुन्हा नीट चालू लागली, आणि उरलेले अंतर मी एका ट्रकच्या मागे, त्याच्या उजेडात कापले. हे शहाणपणाचे नव्हते, हे मान्य आहे.

आतापर्यंत बॅटरी दोनदा बदलली (१२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर, सीटखाली तेवढीच मावते) आणि रेक्टिफायर (एसी करंटचा डीसी करून बॅटरीला देणारा भाग) एकदा बदलला. दोन्ही वेळा मीटर न लावता केवळ अंदाजाने निदान झाले, म्हणून या वेळी मी स्वतः मल्टिमीटर घेऊन बसलो. रात्रभर चार्जरला लावलेली बॅटरी सकाळी १२.७ व्होल्ट दाखवते. गाडी चालू करून दिवा बंद ठेवल्यास स्लो रेसवर (अ‍ॅक्सिलरेटर न पिळता) १२.९ आणि बऱ्यापैकी रेस दिल्यावर १३.९ व्होल्ट दिसतात. दिवा लावला की त्याच रेसवर आकडा १२.४ वर येतो आणि डोळ्यांदेखत खाली सरकत जातो. इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या कॉईल प्लेटकडून रेक्टिफायरकडे येणाऱ्या दोन वायरींमध्ये १.२ ओहम रोध येतो. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्यावरच ०.३ दिसत असल्याने खरा आकडा ०.९ धरावा लागेल. त्यांपैकी एकही वायर बॉडीला लागलेली नाही. किल्ली बंद असताना बॅटरीतून करंट जातो का तेही पाहिले, तसा जात नाही.

जुन्या गाडीत हे सगळे न मोजताच कळत असे. किल्ली लावून किक हळूहळू दाबली की अँपिअर मीटरचा काटा डावीकडे झुकलेला असे, आणि पॉइंट उघडताच तो मधोमध येई. मग डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढून किक थोडी पुढे सारायची, लिव्हर सोडायचा आणि पूर्ण किक मारायची, असे वडिलांनी शिकवले होते. रात्री हायवेला तोच काटा किंचित उजवीकडे राही, आणि वडील त्याच्याकडे बघून निश्चिंत असत. आता तो काटाच नाही.

कॉईल प्लेट जळली असावी असे इथल्या एका मेकॅनिकचे म्हणणे आहे. ती बघायची तर डावीकडचा फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल काढून चेनकेस (ती प्लेट ज्याच्या आत असते ते तेल भरलेले कव्हर) उघडावे लागेल, ऑईल काढावे लागेल, आणि एकदा उघडलेले चेनकेस पुन्हा गळणार नाही याची हमी कोणी देत नाही. त्याआधी आणखी कुठे मोजून पाहावे, हे कोणी सांगू शकेल का? नवीन वायरिंगचा एक फायदा मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो: पूर्वी सिग्नलला उभे राहिले की हेडलाइट मंद होऊन फडफडत असे, आता तो स्लो रेसवरही स्थिर राहतो, म्हणजे त्या बाजूचे काम तरी चांगले झाले असावे.

प्रतिसाद १

५ ऐवजी ९ अँपिअर-अवरची बॅटरी बसवून पाहा. माझ्या ओळखीच्या एका गाडीला त्याने फरक पडला होता. सीटखाली मावत नसेल तर डाव्या बाजूच्या टूलबॉक्समध्ये बसते.

प्रतिसाद २

बॅटरी मोठी करू नका. हौद मोठा केला म्हणून नळाची धार वाढत नाही. जयसिंगपूरऐवजी आणखी तासाभराने, कदाचित याहून आडबाजूला, गाडी बंद पडेल एवढेच.

तुमच्या धाग्यातील शेवटचे वाक्य तुम्ही फायदा म्हणून लिहिले आहे, पण माझ्या मते दुखणे तिथेच आहे. या काळातील बऱ्याच बुलेटमध्ये कॉईल प्लेटवर दोन वेगळी वाइंडिंग (तारेच्या गुंडाळ्या) असतात आणि बाहेर चार वायरी येतात. एका जोडीतला करंट रेक्टिफायरमधून बॅटरीकडे जातो, तर दुसरी जोडी व्होल्ट मर्यादेत ठेवणाऱ्या एका वेगळ्या रेग्युलेटरमार्फत थेट हेडलाइटला एसी करंट देते. इंजिन हळू फिरले की तो करंट कमी होतो, म्हणून सिग्नलला दिवा मंद होऊन फडफडायचा. तो दोष नव्हता, ती रचनाच तशी होती. आता तुमचा दिवा स्लो रेसवर स्थिर आहे, याचा अर्थ तो बॅटरीवर घेतला गेला आहे. प्रश्न इतकाच की, दिव्यासाठी असलेल्या दुसऱ्या जोडीचे काय झाले? तुम्ही दोनच वायरी मोजल्या आहेत.

हिशेब करून पाहा. ५५ वॉटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो. इग्निशन कॉईल पॉइंट मिटलेले असताना तीन-चार अँपिअर ओढते; पॉइंट उघडझाप करत असल्याने सरासरी दोनच्या आसपास धरा. टेललाइट धरून बेरीज सातच्या जवळ जाते. बॅटरीपुरते बनवलेले वाइंडिंग इग्निशन, हॉर्न आणि इंडिकेटर सांभाळायला पुरते, हेडलाइट सांभाळायला नाही. दोन-अडीच अँपिअरची तूट जरी धरली, तरी ५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासांत रिकामी होईल, आणि तुमचा अनुभव नेमका तेवढाच आहे. दिवसा सगळे सुरळीत चालते, दिवा बंद असताना १३.९ व्होल्ट मिळतात, याचाही तोच अर्थ आहे की निदान ते वाइंडिंग तरी जळलेले नाही. चेनकेसला इतक्यात हात लावू नका.

आणखी एक गोष्ट. चासीला पावडर कोटिंग झाले आहे म्हणता, तर अर्थिंगची वायर कोटिंगवरच आवळलेली असण्याची शक्यता आहे. ओहममध्ये मोजून ते कळणार नाही. दिवा लावून, इंजिन चालू ठेवून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. पाव व्होल्टाहून जास्त दिसले तर तो सांधा खराब समजा. तसेच रेक्टिफायरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजा.

मूळ लेखक

आपला प्रतिसाद वाचून रविवारची सकाळ सीट आणि टाकी काढण्यात घालवली. कॉईल प्लेटकडून येणारी स्लीव्ह गिअरबॉक्सच्या मागे चासीला पट्टीने बांधलेली होती. ती कापल्यावर आत चार वायरी निघाल्या. दोन रेक्टिफायरकडे गेल्या आहेत, आणि उरलेल्या दोन दुमडून, टोकांना वेगवेगळी काळी चिकटपट्टी गुंडाळून, वर पुन्हा एकत्र गुंडाळून ठेवल्या आहेत. इतकी नीटनेटकी गुंडाळी मी स्वतःही केली नसती. टोके मोकळी करून मीटर एसी व्होल्टवर लावला, तर स्लो रेसवर ११ च्या आसपास आणि रेस वाढवताच ३० च्या पुढे व्होल्ट दिसले. म्हणजे वर्षभर दिव्याच्या वाट्याची वीज तयार होत होती आणि चिकटपट्टीत पडून होती.

अर्थिंगचा अंदाजही बरोबर निघाला. बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ०.६ व्होल्ट. वायरीच्या टोकाचे थिंबल खरोखरच कोटिंगवर बसवले होते आणि नटाच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क होत होता. कोटिंग खरवडून, व्हॅसलीन लावून पुन्हा आवळले, शिवाय बॅटरीपासून थेट इंजिनच्या एका बोल्टला वेगळी जाड वायर टाकली. आता तोच आकडा ०.०५ आहे. दिवा लावल्यावर रेक्टिफायरपाशी आणि बॅटरीपाशी वेगवेगळे आकडे का यायचे, हे आधी न लिहिलेले कोडेही त्यामुळे सुटले. मात्र त्याने तूट भरून निघालेली नाही. दिवा लावल्यावर आता १२.५ दिसतात आणि पुन्हा घसरण सुरू होते, जी अपेक्षितच आहे.

आता दोन मार्ग दिसतात. एक, हेडलाइट पुन्हा त्या जोडीवर नेणे. दुसरा, दोन्ही वाइंडिंग एकत्र करून सगळी वीज बॅटरीकडे घेणे आणि दिवा आहे तिथेच ठेवणे. आपण कोणता सुचवाल? दिव्याचा जुना रेग्युलेटर माझ्याकडे नाही. गॅरेजला विचारले तेव्हा "तो लागत नाही" असे उत्तर मिळाले.

प्रतिसाद २

बॅटरीवर दिवा चालवायचा ठरवला तर तो खरोखरच लागत नाही, पण मग दुसऱ्या वाइंडिंगची वीज कुठेतरी वापरायला हवी होती, आणि तेवढेच राहून गेले.

घरच्या घरी करायचे असेल तर पहिला मार्ग धरा, परंतु रेग्युलेटरशिवाय एक मिनिटही चालवू नका. तुम्ही ३० च्या पुढे व्होल्ट पाहिले ते वाइंडिंगला भार नसताना. बल्ब लावल्यावर आकडा उतरतो, तरीही रेस वाढवली की १२ व्होल्टचा बल्ब टिकणार नाही. रेग्युलेटर जास्तीची वीज आपल्या अंगावर घेतो, म्हणून तो तापतो. त्याला धातूवर, वारा लागेल अशा जागी बसवा, सीटखाली कोंबू नका. जुन्या बुलेटचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात एसी रेग्युलेटर म्हणून मागितल्यास मिळेल. हेडलाइटची सध्याची अर्थिंगची वायर आणि बॅटरीकडून येणारी वायर पूर्ण वेगळ्या करा, नाहीतर दोन्ही बाजूंचा करंट एकमेकांत मिसळून नवा रेक्टिफायर जाईल. सिग्नलला दिवा पुन्हा फडफडेल, तेवढे सोसा. पुढे कधी एलईडी दिवा लावायची इच्छा झाली, तर तो या एसी लाइनवर लावू नका.

दुसरा मार्ग एरवी अधिक चांगला आहे. पण त्यात दोन्ही वाइंडिंगची टोके योग्य दिशेने जोडावी लागतात. एक जरी उलटे लागले तर दोघांचा करंट एकमेकांना मारतो. शिवाय वाढीव भार झेलणारा फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर लागतो. ते काम अशा गाड्या नेहमी हाताळणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच समोर बसून करून घ्या.

मूळ लेखक

पहिला मार्ग स्वीकारला. रेग्युलेटर चासीच्या पुढच्या नळीला, इंजिनच्या समोर बसवला. जरा डोळ्यांत भरतो, पण वारा भरपूर मिळतो. काल रात्री मुद्दाम सांगली ते कोल्हापूर आणि परत, मध्ये फक्त चहापुरते थांबून, दिवा लावून चालवली. निघताना बॅटरी १२.७ होती, परत आल्यावर किल्ली बंद करून तासाभराने मोजली तेव्हाही १२.७. सिग्नलला दिवा पुन्हा फडफडू लागला आहे, आणि वडिलांनी ते पाहून "आता बरी झाली" असे म्हटले.

शेवटची एक शंका. जुन्या डोक्यातला अँपिअर मीटर माळ्यावर सापडला. तो हँडलच्या क्लॅम्पपाशी एका पट्टीवर बसवला आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये जोडला. परंतु किल्ली लावून किक दाबताना काटा डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडे जातो आणि इंजिन चालू झाल्यावर डावीकडे. मीटर बिघडला असेल का?

प्रतिसाद २

मीटर चांगला आहे. त्याच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल करा. सोडण्याआधी बॅटरीचे टोक काढायला विसरू नका, कारण त्या वायरीत फ्यूज नसणार, आणि नसेल तर या निमित्ताने बॅटरीजवळच १५ अँपिअरचा एक टाकून घ्या.