स्टोरेज एपीआयमधून यूआरएलमधलं टोकन काढायचंय, काय काय फुटेल?

कर्ल_आणि_कांदाभजी

नमस्कार मंडळी. आमची फाइल स्टोरेजची घरचीच एक एपीआय (प्रोग्रॅमनी फाइल मागायचं दार) आहे, मागे एस-थ्री (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड स्टोरेज), पुढे आमची सर्व्हिस. जुन्या टीमने डाउनलोडसाठी असं करून ठेवलंय की यूआरएलच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन (म्हणजे क्वेरीत) टोकन, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त किल्ली, चिकटवलं की फाइल मिळते. हेडरमधूनही, म्हणजे रिक्वेस्टसोबत वेगळ्या जाणाऱ्या माहितीतून, चालतं, पण कोण कशाला वापरतंय, यूआरएल कॉपी-पेस्ट केली की काम होतंय ना. आणि टोकनला एक्स्पायरी नाही 🙂 आता ऑडिटवाल्यांनी लाल शेरा मारलाय, आणि मॅनेजर म्हणतायत एचटीटीपीएस आहे की, मग एवढं काय.

वापरणारे कोण, तर आमचं वेब, अँड्रॉइड अ‍ॅप (जुनी व्हर्जन्स लोक अपडेट करत नाहीत), आणि काही पार्टनर लोकांचे क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) जे लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेले. माझा प्लॅन साधा आहे, पॅरामीटर वाचणाऱ्या चार ओळी उडवायच्या आणि सगळ्यांना मेल टाकायचा. चालेल का? आणि इमेज टॅगमधून हेडर कसा पाठवायचा ते कुणी सांगेल का?

लॉगखोर

मॅनेजरना सांग, एचटीटीपीएस फक्त वाटेत झाकतं. सर्व्हरवर पोचल्यावर यूआरएल उघडीच, आणि यूआरएल ही सगळ्यांनी लिहून ठेवायची गोष्ट आहे: अ‍ॅक्सेस लॉग, लोड बॅलन्सर, ब्राउझरची हिस्टरी, सपोर्टच्या तिकिटात कुणीतरी टाकलेला स्क्रीनशॉट. हे काही नवीन ज्ञान नाही, बेअरर टोकनचं (ज्याच्या हातात टोकन त्याला प्रवेश) आरएफसी ६७५०, म्हणजे इंटरनेटचं मानक, आलं २०१२ मध्ये, त्यातच लिहिलंय की हेडर किंवा बॉडी शक्यच नसेल तर सोडून क्वेरीत टोकन टाकू नका, कारण ते लॉगमध्ये जाण्याची शक्यता फार. गूगल ड्राइव्हनेही डाउनलोडसाठी क्वेरीतलं अ‍ॅक्सेस टोकन १ जानेवारी २०२० पासून बंद केलं, हेडर वापरा म्हणाले. एवढं दाखव, पुरे होईल.

आता तुझ्या चार ओळी. त्या उडवू नकोस. पॅरामीटर वाचणं बंद केलंस की क्लायंट काही टोकन पाठवायचं थांबत नाही, तो पाठवतच राहणार, फक्त आता तुला कळणार नाही. पब्लिक फाइल असेल तर दोनशे (सगळं ठीक असा कोड) मिळत राहील आणि टोकन रोज लॉगमध्ये पडत राहील. त्यामुळे पॅरामीटर ओळखायचा, रिक्वेस्ट नाकारायची आणि शेवटच्या टप्प्यात ते टोकनच रद्द करायचं. जे टोकन यूआरएलमध्ये दिसलं ते फुटलं असंच धरून चालायचं.

सिंहगडरोड_जॅम

+१. नाकारताना चारशे एक (ओळख पटली नाही) ऐवजी चारशे (रिक्वेस्टच चुकीची) कोड दे रे पण. चारशे एक बघितलं की कितीतरी जुनी अ‍ॅप्स सेशन गेलं समजून परत लॉगिन मारतात, परत तेच टोकन, परत तेच, आणि मग रात्री दोनला तुझा फोन वाजतो. आणि मेलवर भिस्त ठेवू नकोस, सनसेट हेडर वगैरे (हे अमुक तारखेला बंद होणार असं उत्तरात सांगणारा, आरएफसी ८५९४) जरूर लाव पण क्रॉन जॉब हेडर वाचत नाही राव. गिटहबने आपल्या एपीआयमधून हेच क्वेरीतलं टोकन काढताना ब्राउनआउट केले होते, म्हणजे ठरवून काही तास बंद, मग परत चालू. त्या काही तासांत जे लोक ओरडत येतात ना, तीच तुझी खरी युजर लिस्ट.

कर्ल_आणि_कांदाभजी

धन्यवाद दोघांना, ब्राउनआउट मॅनेजरना पटवता येईल बहुतेक. इमेज टॅगचं राहिलं. फेच करून ब्लॉब केलं (जावास्क्रिप्टने हेडर लावून अख्खी फाइल मेमरीत घेतली) तर चालतंय पण आमच्याकडे मोठे व्हिडिओ आहेत, टॅब मरतो. मग प्रीसाइन्ड यूआरएल (सर्व्हरने आधीच सही करून दिलेली लिंक)? पण ती पण यूआरएलच की, त्यातही सही क्वेरीतच असते, मग फरक काय पडला, ऑडिटवाले परत तेच लिहिणार.

बादली_पब्लिक_नाही

फरक आहे, पण तुझी शंका बरोबर आहे. तुझं आत्ताचं टोकन म्हणजे सगळ्या फाइल्स, कायमच्या. प्रीसाइन्ड यूआरएल म्हणजे एक ऑब्जेक्ट, एक मेथड आणि ठराविक वेळ. एस-थ्रीला कमाल मर्यादा ७ दिवस, आणि रोलच्या टेंपररी क्रेडेन्शियलने सही केली असेल तर ती संपली की लिंक आधीच मरते. तू ५ मिनिटं ठेव. वेबने आधी हेडर लावून तुझ्या एपीआयला विचारायचं, एपीआयने हक्क तपासून लिंक द्यायची, ती इमेज नाहीतर व्हिडिओ टॅगमध्ये. लांबलचक व्हिडिओ असेल तर मधेच नवी लिंक मागायची सोय ठेव, नाहीतर पुढे सरकवला की अडकतो.

पण सही केलेली लिंक म्हणजे सेफ असं डोळे झाकून धरू नकोस. मायक्रोसॉफ्टच्या एआय रिसर्चवाल्यांनी गिटहबवर मॉडेल डाउनलोडची लिंक ठेवली होती, त्यात अझ्युरचं (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) एसएएस टोकन, म्हणजे तिथली सही केलेली लिंक, अख्ख्या स्टोरेज अकाउंटचं निघालं, ३८ टीबी डेटा उघडा, २०२३ मध्ये बाहेर आलं. एक्स्पायरी किती होती माहितीय? २०५१!

लॉगखोर

हो, आणि एक राहिलं. पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) असेल तर अ‍ॅक्सेस लॉगचा फॉरमॅट बदल, डिफॉल्टमध्ये अख्खी रिक्वेस्ट लाइन पडते, त्याऐवजी मेथड आणि नुसता पाथ घे. रेफररचा (रिक्वेस्ट कुठल्या पानावरून आली त्याचा) कॉलमही बघ, आपल्याच साइटवरून आलेल्या रिक्वेस्टमध्ये तिथे अख्खी यूआरएल असते. लोक इथपर्यंत करतात आणि खूश होतात, पण एरर लॉगचा फॉरमॅट तिथे बदलताच येत नाही, अपस्ट्रीम (मागच्या सर्व्हिसचा) टाइमआउट झाला की टोकनसकट पूर्ण ओळ तिकडे उतरते. तो लॉग पुढे पाठवण्याआधी शिपरमध्ये (लॉग पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्यातलं टोकन खोडावं लागतं. कोण अजून जुन्या पद्धतीने येतंय ते मोजायला टोकन लिहू नकोस, क्लायंट आयडी आणि 'क्वेरीतून आलं' एवढा एक फ्लॅग बास.

सीडीएन (फाइलच्या प्रती साठवून जवळून देणारे सर्व्हर) आहे का मध्ये? असेल तर आत्ता टोकन कॅश-कीमध्ये, म्हणजे साठवलेली प्रत ज्या नावाने शोधतात त्यात, जात असणार. हिट रेट वाढवायला कुणी "क्वेरी स्ट्रिंग इग्नोर" ऑन केलं तर एकाची प्रायव्हेट फाइल दुसऱ्याला बिनाटोकन मिळेल. ते सेटिंग आजच उघडून बघ, बाकीचं सोमवारी.

कर्ल_आणि_कांदाभजी

सीडीएन आहे 😬 बघतो आणि सांगतो.