मदत हवी आहे: अँजिओग्राफी क्लीन, तरी ईएफ २५ कसा?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांना दम लागायला लागला, आडवं झालं की जास्त, बसूनच झोपायचे, पायपण सुजले. ॲडमिट केलं. टूडी इकोत ईएफ (एका ठोक्याला डावा कप्पा किती रक्त बाहेर ढकलतो ते) २५ टक्के, एलव्ही डायलेटेड म्हणजे डावा कप्पा फुगलेला, ग्लोबल हायपोकायनेसिया म्हणजे सगळीच भिंत मंद, असं लिहिलंय. मग अँजिओग्राफी केली तर नसा एकदम क्लीन, एक ब्लॉक नाही! डॉक्टर राउंडला येतात, 'स्नायू कमजोर झालाय, गोळ्या चालू ठेवा' म्हणतात आणि पुढच्या बेडकडे. अरे पण ब्लॉक नाही तर स्नायू कमजोर झालाच कसा? घरचे सगळे मलाच विचारतायत. ज्याला खरंच कळतं त्यानंच सांगा, आणि जरा लवकर.

पेठेतला_गडी
भावा टेन्शन घेऊ नको. आमच्या चुलत्यांना दोन स्टेंट घातले, आता उसाला पाणी पाजतात. अँजिओप्लास्टी करून टाका, मोकळं व्हा.

रंकाळाकाठ
अहो ब्लॉकच नाही म्हणतोय, स्टेंट घालू कुठं?

स्लाइडवाली
वय किती? बीपी, शुगर, थायरॉइड? दारू? आधी ताप-सर्दी येऊन गेली का? कधी केमो झालीय का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? ईसीजीत काय होतं? यातलं काहीच लिहिलं नाहीस तर कोण काय सांगणार.

रंकाळाकाठ
वय ६१. शुगर नाही, बीपी थोडंसं. दारूचं विचारूच नका, माळकरी आहेत. बाकी सगळं नॉर्मल.

स्लाइडवाली
बाकी नॉर्मल म्हणजे तपासलंय, का कुणी विचारलंच नाही? असो, ब्लॉकचं आधी सांगते, मी पॅथॉलॉजीत आहे, पेशंट बघत नाही.
ब्लॉकमुळं होतं तेव्हा रक्त न मिळालेला तुकडा मरतो, तिथं चट्टा पडतो, आणि इकोत सहसा त्या नसेच्या वाटणीची भिंतच हलत नाही. तुझ्या बाबांची सगळीच भिंत मंद हलतीय आणि नसा मोकळ्या, म्हणजे दुखणं स्नायूतच दिसतंय, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. डावा कप्पा फुगतो, पेशी ताणून लांब होतात, मधेमधे फायब्रोसिस होतं, म्हणजे चट्ट्यासारखे धागे भरतात. पुरुषाचं हृदय साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचं, असलं हृदय त्याच्या दुप्पटसुद्धा भरतं, तरी भिंत पातळच दिसते. पंप कमी पडला की किडनीला वाटतं रक्तच कमी झालंय, ती मीठ-पाणी धरून ठेवते, ॲड्रेनलिन वाढतं, थोडे दिवस भागतं आणि मग तोच ताण स्नायूला खातो. मागं फुफ्फुसात पाणी तुंबतं म्हणून आडवं झालं की दम. तिथं तांबड्या पेशी झिरपतात, त्यांचं लोह गिळून बसलेल्या पेशी स्लाइडवर तपकिरी दिसतात, त्यांना नाव हार्ट फेल्युअर सेल, राहायला फुफ्फुसात.
पण कारण मायक्रोस्कोपखाली बहुतेक वेळा कळत नाही. दारू असो, व्हायरस असो, जीन असो, चित्र सारखंच. म्हणून हिस्टरी विचारतीय.

हिरडा_बेहडा
ॲलोपॅथीत मूळ कारणावर इलाजच नाही. अर्जुनाची साल दुधात उकळून द्या आणि साधं मीठ बंद करून सैंधव सुरू करा. आमच्या शेजाऱ्यांचा ईएफ वाढला.

औषधाचं_दुकान
शेजारी गोळ्यापण घेत असतील की. आणि सैंधव म्हणजेसुद्धा सोडियम क्लोराइडच, त्यानं काय वाचतंय? त्याहून डेंजर ते लो सोडियम मीठ, त्यात पोटॅशियम असतं आणि हार्टच्या काही गोळ्यांबरोबर रक्तातलं पोटॅशियम चढतं. दादा, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते टाका.

पेठेतला_गडी
म्हणजे पांढरा रस्सापण बंद? मग जगायचं कशाला 😀

रंकाळाकाठ
सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, लघवीची एक, डापाग्लिफ्लोझिन आणि अपिक्साबॅन. शुगर नाही तर शुगरची गोळी कशाला दिलीय हेपण सांगा.

औषधाचं_दुकान
डापाग्लिफ्लोझिन आता हार्ट फेल्युअरलापण देतात, शुगर असो नसो, २०१९ च्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला. स्पायरोनोलॅक्टोन आहे म्हणजे ते लो सोडियम मीठ घरात आणूच नका. पण अपिक्साबॅन? रक्त पातळ करायची गोळी नसा क्लीन असताना कशाला? आणि गुडघे-कंबर दुखीची काही घेतात का?

रंकाळाकाठ
गुडघ्याला डायक्लो घेतात की, रोज. पण ते काय हार्टचं औषध नाही म्हणून लिहिलं नाही.

औषधाचं_दुकान
देवा. डायक्लोफिनॅकनं मीठ-पाणी अंगात धरून राहतं आणि किडनीपण दबते, सूज वाढायला हे एक कारण असू शकतं. आजच राउंडला सांगा.

स्लाइडवाली
आणि ईसीजी. तिसऱ्यांदा विचारायला लावू नकोस.

रंकाळाकाठ
दोनदाच विचारलंय. हे घ्या: एट्रियल फिब्रिलेशन विथ फास्ट व्हेंट्रिक्युलर रेट, मिनिटाला १४८. छातीत धडधडतंय असं ते गेल्या वर्षापासून म्हणायचे, आम्हाला वाटलं ॲसिडिटी.

स्लाइडवाली
हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं! अपिक्साबॅन त्यासाठीच, फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे नीट न आवळता नुसते फडफडतात, तिथं गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून. आणि नाडी महिनोनमहिने अशी पळत राहिली तर नुसत्या त्यानंही स्नायू थकतो, टॅकिकार्डिया-इंड्यूस्ड (नाडी पळाल्यानं झालेली) कार्डिओमायोपॅथी. वेग ताब्यात आला तर ईएफ काही महिन्यांत बराच वर येऊ शकतो. पण आधी स्नायू बिघडून मग फिब्रिलेशन झालं असंही असेल, ते इथं बसून ठरत नाही, वेग उतरल्यावर इको परत करूनच कळतं. डॉक्टरांना तीनच गोष्टी विचार: टीएसएच (थायरॉइडची तपासणी) केलाय का, शॉक देऊन किंवा ॲब्लेशननं (आत तार घालून गडबड करणारी जागा निकामी करून) ऱ्हिदम परत आणायचा विचार आहे का, आणि कारण सापडलं नाही तर तुम्हा भावंडांचा इको-ईसीजी करायचा का. डायलेटेडमध्ये बऱ्याच घरांत जीनचा भाग निघतो.

तालीमबाज
मधेच घुसतो, सॉरी. भाचा कुस्ती खेळतो, १९ वर्षांचा, इकोत सेप्टम (दोन कप्प्यांमधली भिंत) १३ मिमी जाड. कुणी म्हणतंय खेळाडूचं हार्ट, कुणी म्हणतंय खेळ बंद करा. हे तेच का?

स्लाइडवाली
ते नाही, हे हायपरट्रॉफिकचं, म्हणजे स्नायू जाड होण्याच्या आजाराचं कोडं. १५ आणि पुढं असेल तर संशय दाट, १३-१४ ला दोन्हीकडं झुकू शकतं. घरी कुणाला असेल तर १३ सुद्धा पुरतं. आपल्याकडं अजून एक भानगड, एमवायबीपीसी-३ नावाच्या जीनमधली २५ अक्षरं गळलेली, भारतीय उपखंडात शंभरात साधारण चार जणांत सापडतात असं २००९ मध्ये दाखवलं. म्हणजे सगळे आजारी नव्हेत. भाच्याला भोवळ, छातीत दुखणं?

तालीमबाज
जोर मारताना एकदा डोळ्यापुढं अंधारी आली होती, पण पाणी कमी प्यालेला.

औषधाचं_दुकान
पाण्यावर ढकलू नका, कार्डिओलॉजिस्टला हेच आधी सांगा आणि तोवर तालीम बंद. नवीन धागा काढा दादा, इथं बाबांचं राहिलंय.

रंकाळाकाठ
डायक्लो बंद केलं. टीएसएच पाठवलाय. मेटोप्रोलॉल वाढवलंय, मॉनिटरवर ९६ दिसतंय. ऱ्हिदमचं विचारलं तर म्हणाले आधी पाणी उतरू दे अंगातलं. घरी गेल्यावर वजन कसं बघायचं?

औषधाचं_दुकान
रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी, एकाच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता फोन.