मदत हवी आहे: बाझल करारातील ‘जवळजवळ दूषणमुक्त’ म्हणजे नेमके किती?

१ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या बाझल कराराच्या (धोकादायक व इतर कचऱ्याच्या देशादेशांतील ने-आणीचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या दुरुस्त्यांनुसार पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पेट (पीईटी) या प्लास्टिकांचे टाकाऊ मिश्रण जवळजवळ दूषणमुक्त असेल आणि प्रत्येक घटकाचे स्वतंत्र पुनर्चक्रण होणार असेल, तर ते पूर्वसंमती न लागणाऱ्या ‘बी ३०११’ या नोंदीत बसते. एरवी, धोकादायक नसले तरी, ते ‘वाय ४८’ या नोंदीत जाते आणि आयातदार देशाची पूर्वसंमती लागते. माझ्याकडील मालात पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या आहेत, मात्र काहींवर पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकची वेष्टने राहिली आहेत. दुरुस्तीचा मजकूर तळटिपांसह वाचला. त्यात टक्केवारी नाही, केवळ राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार घेता येईल असे म्हटले आहे. दोन्ही देश कराराचे सदस्य आहेत आणि माल अजून निघालेला नाही. चुकीच्या नोंदीखाली तो पाठवायचा नाही, हे पक्के आहे. दोन्ही देशांनी दूषणाची मर्यादा वेगवेगळी ठरवली असल्यास प्रत्यक्षात कोणती ग्राह्य धरली जाते?