'कुली' हा शब्द आपणही सोडावा का?

सागरवेळ:
कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेत डर्बनला होतो. ऑफिसातल्या एका बाईंच्या गाडीतून खोकी उतरवत होतो. दोन हातांत, एक काखेत. सहज म्हणालो, "आज मी तुमचा कुली." त्यांचं हसू तिथंच विरलं. म्हणाल्या, "हा शब्द इथे पुन्हा काढू नका. शाळेत जाताना पोरं आमच्यामागे हेच ओरडायची."

त्यांचे पूर्वज मद्रासकडून तिथल्या नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांवर आलेले. १८६० साली 'ट्रूरो' जहाज पहिले करारबद्ध मजूर घेऊन डर्बनला लागलं. तमिळमध्ये कूली म्हणजे मजुरी, कामाचा दाम. तिथे मात्र ते अख्ख्या लोकांचंच नाव झालं. १८९३ मध्ये गांधीजी गेले तेही 'कुली बॅरिस्टर'. व्यापारी असला तर 'कुली व्यापारी'. जन्मात कधी ओझं उचललं नाही तोही कुलीच! माझ्या मते हा शब्द आपणही सोडून द्यावा.

घाटमाथा:
अजिबात पटलं नाही. तिथली शिवी तिथे. माझे वडील तीस वर्षं स्टेशनवर कुली होते. लाल डगला, दंडाला पितळी बिल्ला. त्या बिल्ल्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलींना 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं. त्याने डोक्यावरची बॅग हलकी झाली का? बाबा आढावांनी पुण्यात संघटना उभी केली तिचं नाव 'हमाल पंचायत'. हमाल शब्द लपवला नाही, त्याच नावाने हक्क मागितले. माथाडी कायदा १९६९ चा. तोही लढून मिळाला, नाव बदलून नाही.

दर्यावर्दी:
एक भर. काही अभ्यासक हा शब्द गुजरातेतल्या कोळी जमातीच्या नावाशी जोडतात. मला तमिळ व्युत्पत्तीच जास्त पटते, पण मी स्वतः कोळी आहे, त्यामुळे वाचून चरकलो होतो.

सागरवेळ:
घाटमाथा, तुमच्या वडिलांबद्दल मनापासून आदर आहे. पण ते घरी येऊन बिल्ला काढून ठेवू शकत होते. मग ते कुणाचे वडील, कुणाचे शेजारी. डर्बनच्या त्या बाईंना काढून ठेवता येईल असा बिल्लाच नव्हता. त्यांच्या कातडीलाच तो शब्द चिकटवला होता.

पोर्टलुईकर:
मी मॉरिशसची. आमचे पणजोबा रत्नागिरीकडून आले. १८३४ पासून इथे मजूर उतरू लागले, चारेक लाखांहून जास्त. उतरायच्या जागेला 'कुली घाट' म्हणत. आता तो 'आप्रवासी घाट' आहे, २००६ पासून जागतिक वारसा. बंदरावरून वर जाणाऱ्या त्या सोळा दगडी पायऱ्यांवर मी आजीचा हात धरून उभी राहिले आहे. नाव बदललं ते योग्यच झालं. पण जुन्या कागदांतला 'कुली' कुणी खोडू नये, खोडला तर त्यांना काय म्हणत होते तेच विसरलं जाईल. आमच्याकडचे कवी खाल तोराबुली यांनी तर याच शब्दातून 'कुलीट्यूड' हा शब्द घडवला, त्या मजुरांचा वारसा अभिमानाने सांगणारा.

घाटमाथा:
बिल्ल्याचा मुद्दा मान्य. परदेशात कुणासमोर हा शब्द काढणार नाही. पण वडिलांचा बिल्ला अजून आमच्या खुंटीला आहे. पोरांनी विचारलं, आजोबा काय करायचे, तर मी 'कुली होते' असंच सांगणार.