मदतकार्यात जुळलेली मैत्री, जी एरवी कधीच जुळली नसती: तुमचे अनुभव लिहा

पूर, भूकंप, दरड, वादळ, कुठेही मदतीला गेला असाल आणि तिथे असं एखादं माणूस भेटलं असेल ज्याच्याशी एरवी आयुष्यात दोन वाक्यं बोलायची वेळ आली नसती, तर त्याच्याबद्दल लिहा. लहान-मोठं कसंही चालेल, ओळख उघड होईल अशी नावं मात्र नकोत. सुरुवात मीच करते.

22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. ओसरल्यावर ऑफिसातले काही जण आणि मी पुण्याहून गेलो. मी सीए, दिवसभर एक्सेल आणि जीएसटी, फावडं हातात धरायचा प्रसंग कधी आलेला नाही. आम्हाला साफ करायला एक कापडाचं दुकान मिळालं, गुडघाभर गाळ आणि त्यात साड्यांचे गठ्ठे. तिथेच एका महापालिकेने पाठवलेले सफाई कामगार होते, पन्नाशीचे, मी त्यांना दादा म्हणते. 2019 ला सांगलीतही त्यांनी गाळ उपसला होता. आम्ही उत्साहात फावडी मारायला लागलो तर म्हणाले, "थांबा मॅडम, आधी सगळ्यांचे पाय दाखवा." आणि खरंच एकेकाला बूट-मोजे काढायला लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघितलं. आमच्यातल्या एकाची टाच फुटलेली होती, त्याला गाळात उतरूच दिलं नाही, पाण्याच्या टँकरपाशी उभं केलं. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, या तापाचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात आणि जखमेतून अंगात जातात हे मी वाचलेलं होतं, पण असं पाय तपासणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं. लेप्टो होऊ नये म्हणून देतात त्या डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिनच्या) गोळ्या घेतल्या का हेही त्यांनीच विचारलं.

मग गाळाचं शिक्षण. आधी मेन स्विच बंद आहे ना ते बघायचं. गटार कुठे आहे ते शोधायचं, नाहीतर रस्त्यावर टाकलेला गाळ रात्रीच्या पावसात परत आत. "ओला हाय तोवर पाणी मारून ढकलायचा, एकदा वाळला की पहारीनं फोडावा लागतो." दुपारपर्यंत आम्ही त्यांच्या हाताखाली बऱ्यापैकी कामाला लागलो.

दुकानदार मात्र हताश होऊन सगळा माल बाहेर फेका म्हणत होते. तिथे मी बोलले, की पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत काही फेकू नका, फोटो काढा, गठ्ठे मोजा, बिलबुकं भिजली असली तरी ठेवा. दादा गठ्ठे मोजत गेले आणि मी लिहीत गेले. मोजून झाल्यावर म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, सांगलीत लोकांचा किती माल मीच ट्रॉलीत भरलाय." त्यांच्या आवाजातली हळहळ मला अजून ऐकू येते.

परत आल्यावर त्यांनी फोन केला तो स्वतःसाठी नव्हे, सोबतच्या कंत्राटी पोरांसाठी. पगारातून पीएफ कापला जातोय, पण भरला जातोय का? मी एकेकाचं पासबुक उघडून बघितलं, काहींचे महिनेच्या महिने कोरे होते. तक्रारी केल्या, काहींचे पैसे जमा झाले, काहींचे अजून लटकलेले आहेत. त्या निमित्ताने महिन्यातून एक रविवार दादांच्या घरी जाते, त्यांची मुलगी नर्सिंगला आहे, तिची आणि माझी वेगळी गट्टी. दादा मला अजूनही मॅडमच म्हणतात आणि रागावतात मात्र घरच्यासारखे.

*

1993 चं लिहितो. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, गणपती विसर्जन करून गावं नुकतीच झोपलेली. मी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगला, मिळेल त्या ट्रकने सास्तूरला गेलो. तिथली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर, ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलेलं. त्यात पाऊस. सरणाला कोरडं लाकूड मिळेना म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया ओढून काढत होतो.

माझ्या जोडीला सोलापूरचा एक मुलगा होता. मी संघाच्या शाखेत वाढलेला, तो समाजवादी विचारांच्या सेवा दलातला. पहिल्या रात्री तंबूत हे एकमेकांना कळलं आणि दोघंही गप्प झालो. अयोध्या आणि नंतरच्या दंगली होऊन वर्षही झालेलं नव्हतं, पुण्यात भेटलो असतो तर नक्की भांडलो असतो. सकाळी तुळईचं एक टोक त्याच्या खांद्यावर आणि दुसरं माझ्या. अग्नी द्यायच्या आधी तो प्रत्येकाचं नाव विचारून वहीत लिहायचा, सांगायला घरचं कुणी उरलं नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना शोधून आणायचा. मी म्हटलं, पावसात वेळ जातोय, अजून केवढं बाकी आहे. तो म्हणाला, नाव लिहिल्याशिवाय नाही. नंतर वही मी धरायला लागलो आणि त्याच्यावर छत्री.

पुढची कित्येक वर्षं आम्ही आंतरदेशीय पत्रांवर भांडलो, कोपरे भरून, आडवं-उभं लिहून. आता फोनवर भांडतो. त्याचे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला मी होतो, माझ्या बायपासच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर रात्रभर तो. मतं दोघांचीही इंचभर हललेली नाहीत.

*

माझी टिकली नाही, तरी लिहिते. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपानंतर मी मुंबईहून भचाऊला गेले होते, नर्स म्हणून. तंबूतल्या दवाखान्यात एक रबारी आजी होत्या, काळे कपडे, हातभर गोंदण, स्वतःचा डावा हात प्लास्टरमध्ये, पण लहान पोरांचं ड्रेसिंग असलं की उजव्या हाताने पोराला मांडीवर घट्ट धरून बसायच्या. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. धक्का बसला की माझा हात पकडायच्या. मी निघाले तेव्हा पत्ता काय लिहून घेणार, तंबूला कसला पत्ता. पण मैत्रीण म्हटलं की मला अजून त्याच आठवतात.

*

मी भिलवडी साइडचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलेली, धोक्याची पातळी 45. आमच्याकडं एनडीआरएफची बोट आली, त्यांना गावातला माणूस पाहिजे होता पाण्याखाली काय काय आहे ते सांगायला, विहीर कुठं, कंपाउंडची भिंत कुठं, द्राक्षबागेच्या तारा कुठं, कारण तारेत नाहीतर उसात पंखा अडकला की बोट तिथंच बंद. मी पुढं बसायचो आणि मागं इंजिनावर ओडिशाचा एक जवान, माझ्याच वयाचा. त्याची हिंदी वेगळी, माझी वेगळी, मी डावीकडं म्हणेपर्यंत बोट पुढं गेलेली असायची. मग आम्ही खुणा ठरवल्या, मूठ म्हणजे थांब, आडवा तळवा म्हणजे तार.

एक आजी म्हशीला सोडून यायला तयारच होईना. आम्ही गावातली सगळी समजावून थकलो, तर ह्यानं लाइफ जॅकेटसकट जिन्यावर तिच्याशेजारी बसकण मारली आणि ओडियात बोलायला लागला, आजी मराठीत बोलतीय, हा ओडियात, बराच वेळ. मग आजीनं स्वतः म्हशीचं दावं सोडलं, तिच्या कपाळावर हात फिरवला आणि बोटीत येऊन बसली. रात्री मी विचारलं काय बोलत होतास, तर म्हणाला, माझ्या आईची गोष्ट सांगत होतो. त्याच वर्षी 3 मे ला फनी वादळ पुरीजवळ धडकलं तेव्हा त्याच्या घराचं छप्पर उडालं होतं, आई गोठ्यातल्या गाईपाशी बसून राहिलेली आणि हा ड्युटीवर दुसरीकडं. तीन महिन्यांनी आमच्या गावात लोकांना बाहेर काढत होता.

2021 च्या मे मध्ये यास वादळ आलं तेव्हा पहिला फोन मी केला. मागं बायकोला घेऊन पुरीला गेलो, उतरलो त्याच्याच घरी. त्याच्या आईनं पखाळ भात, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात, वाढला, आणि मला म्हणाली (त्यानं सांगितलं म्हणून कळलं), तुझ्या गावच्या आजीच्या म्हशीचं पुढं काय झालं? म्हटलं, पोहत जाऊन उंचावर चढली होती, मिळाली.

*

कुर्ल्याचं माझं थोडक्यात. 26 जुलै 2005, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. नंतर आमच्याकडे औषधांचा कँप होता, मी फार्मसीची विद्यार्थिनी, गोळ्या वेगळ्या करायचं काम. एक यूपीचे रिक्षावाले चाचा, रिक्षा पाण्यात बुडून गॅरेजमध्ये खोलून पडलेली, कमाई बंद, तरी रोज येऊन खोकी उचलायचे आणि मला गल्ल्या दाखवायचे, कारण कुठल्या घरात कोण तापाने पडलंय हे त्यांनाच ठाऊक. माझ्या आईला त्या एरियात मला पाठवायची भीती वाटायची, मग चाचा घरी येऊन आईशी बोलले, आणि पुढे तर आईची शुगर किती हे माझ्याआधी त्यांना माहीत असायचं. आता ते जौनपूरला गावी असतात. गेल्या पावसाळ्यात टीव्हीवर मुंबईचा रेड अलर्ट दिसला तेव्हा त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मिठी नदीचं पाणी कुठवर आलंय ते बघून कळव, आणि अम्मीची औषधं वरच्या फळीवर ठेव.