नगर पुनरुज्जीवनाच्या कामांतून स्थानिकांना रोजगार आणि कौशल्य मिळावे, यासाठी निविदेत नेमके काय लिहावे?

नगररचना_अभ्यासक

नमस्कार. जुन्या बाजारपेठा, बंद पडलेल्या गिरण्या आणि गोदामांच्या जागा किंवा मोडकळीस आलेल्या वसाहती यांच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा जाहीर होतो, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत ‘स्थानिक रोजगारनिर्मिती’ हा शब्द हमखास असतो. प्रत्यक्षात काम सुरू झाले की मुख्य ठेकेदार वेगवेगळ्या उपठेकेदारांना कामे वाटून देतो, ते आपापल्या ठरलेल्या मुकादमांच्या टोळ्या घेऊन येतात, आणि त्या परिसरातील तरुणांच्या वाट्याला राडारोडा उचलणे, पाणी मारणे आणि रात्रीची राखण एवढेच येते. काम संपल्यावर नवी इमारत उभी राहते, पण ती बांधण्याचे कसब शिकलेला माणूस त्या परिसरात एकही तयार झालेला नसतो.

एका नागरिक गटासाठी मी अशा आराखड्यावरील सूचनांचे टिपण तयार करीत आहे. ‘स्थानिकांना प्राधान्य द्यावे’ असे मोघम वाक्य लिहून काहीही साध्य होत नाही, हे स्पष्ट आहे. किती स्थानिकांना काम मिळावे, याचे बंधन कसे घालावे? प्रशिक्षणाचा खर्च कोणी सोसावा? आणि बांधकामात खरोखर शिकणे घडते ते कसे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निविदा_आणि_मोजमाप

बांधकाम खात्यात निविदा तयार करणे आणि देयके तपासणे हेच माझे काम राहिले आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

‘किती स्थानिकांना काम’ या प्रश्नातच पहिली अडचण आहे. माणसे मोजली की हजेरीपटावर नावे चढतात. आठवडाभर झाडलोट केलेला मजूर आणि पाया खोदण्यापासून रंगकामापर्यंत टिकलेला गवंडी या दोघांची नोंद सारखीच, म्हणजे एक अशी होते. म्हणून माणसांऐवजी श्रमाचे तास मोजावेत, असा माझा आग्रह आहे. अमेरिकेत 1968 च्या गृहनिर्माण व नगरविकास कायद्याच्या कलम 3 नुसार, केंद्राच्या निधीतून होणाऱ्या घरबांधणीच्या कामांत अल्प उत्पन्न असलेल्या रहिवाशांना प्राधान्य द्यावे लागते. तेथे पूर्वी नव्या नेमणुकांपैकी 30 टक्के असा निकष होता. केवळ नेमणुका मोजल्या जात असल्याने, थोड्या दिवसांसाठी माणसे घेऊनही तो आकडा गाठता येत असे. 2020 मध्ये नियम बदलले आणि एकूण श्रमतासांपैकी 25 टक्के तास पात्र कामगारांचे असावेत, तसेच एकूण तासांपैकी 5 टक्के तास प्रकल्पाच्या परिसरातील किंवा सार्वजनिक घरांतील रहिवासी अशा अधिक नेमक्या गटाचे असावेत, असा मापदंड आला. सॅन फ्रान्सिस्को शहराने 2010 मध्ये केलेल्या नियमात तर प्रत्येक कसबाचे तास वेगळे मोजण्याची तरतूद होती. ही तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एकत्रित टक्केवारी ठेवली की सगळे स्थानिक तास बिगारी कामातून भरून काढले जातात आणि सुतारकाम, सळईकाम, वीजजोडणी ही कामे जशीच्या तशी बाहेर राहतात.

आता खर्चाबद्दल. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम मिळत असेल, तर प्रशिक्षणाचा खर्च ठेकेदाराने आपल्या दरांत धरावा, असे म्हणणे निरर्थक आहे. जो तो खर्च प्रामाणिकपणे धरेल तो मागे पडेल आणि जो शून्य धरेल त्याला काम मिळेल. त्यामुळे अंदाजपत्रकातच प्रशिक्षणासाठी स्वतंत्र बाब ठेवावी, तिची रक्कम नगरपालिकेने आधीच निश्चित करावी आणि ती सर्व निविदाकारांसाठी समान ठेवून स्पर्धेबाहेर ठेवावी. ब्रिटनने थोडा वेगळा मार्ग घेतला. तेथे 2012 च्या सामाजिक मूल्य कायद्याने सार्वजनिक सेवांची खरेदी करताना सामाजिक लाभाचा विचार करणे बंधनकारक केले आणि 2021 पासून केंद्र सरकारच्या मोठ्या कंत्राटांच्या गुणांकनात त्याला किमान 10 टक्के वजन देण्यात आले. गुण देण्याची पद्धत वाईट नाही, परंतु तिच्यात सुंदर लिहिलेल्या वचनांना गुण मिळतात आणि काम सुरू झाल्यावर त्या वचनांकडे वळून पाहायला कोणी उरत नाही. मोजमाप वहीत नोंदली जाणारी बाब असेल तरच तिचे देयक निघते, आणि देयक निघत असेल तरच ठेकेदार तिच्याकडे गांभीर्याने पाहतो.

परांचीवरून

मी अनेक वर्षे साइटवर पर्यवेक्षक म्हणून काम करतो. वरील उत्तरातील तासांचा मुद्दा पटला, पण तास भरले म्हणजे माणूस शिकला असे होत नाही, हे सांगण्यासाठी लिहीत आहे.

गिलाव्याचे काम पाहा. बिगारी माल कालवतो, घमेली परांचीवर पोहोचवतो, भिंत भिजवतो. गवंडी ओळंबा धरून भिंतीवर जाडीचे ठिपके लावतो, त्या मापाने पट्टे ओढतो, मग थापीने माल मारून ॲल्युमिनियमच्या पट्टीने तो कापत नेतो आणि शेवटी रंध्याने पृष्ठभाग घोटतो. बिगाऱ्याला हे सगळे रोज दिसते, तरीही पाच-सात वर्षे बिगारीच राहिलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. त्यांच्यात बुद्धी किंवा इच्छा कमी असते असे अजिबात नाही. गवंड्याची मजुरी चौरस फुटाच्या उधड्या दराने ठरलेली असते, त्यामुळे थापी दुसऱ्याच्या हातात दिली की गवंड्याचा दिवस बुडतो. शिकाऊ माणसाने केलेली भिंत पोकळ वाजली आणि फोडावी लागली, तर मालाचा भुर्दंडही त्याच्याच अंगावर येतो. अशा व्यवस्थेत त्याने शिकवावे तरी का?

म्हणून प्रशिक्षणाच्या बाबीतील पैशाचा काही भाग शिकवणाऱ्या गवंड्याच्या हातात थेट पडला पाहिजे. दोन शिकाऊ सोबत असतील, तर त्याला उधड्या दराऐवजी दिवसाची पूर्ण मजुरी आणि वर काही भत्ता द्यावा, आणि शिकाऊंसाठी अशी एखादी भिंत राखून ठेवावी की जी बिघडली तर फोडून पुन्हा करता येईल आणि तिचा माल प्रशिक्षणाच्या खर्चात धरला जाईल. जिन्याखालची किंवा गोदामाची भिंत त्यासाठी उत्तम असते. वर्गात फळ्यावर काढलेल्या आकृतीने मनगट तयार होत नाही. मात्र सळईच्या कामात नकाशा वाचणे, सळयांच्या तपशिलाचा तक्ता समजणे आणि वजन काढणे हे बसूनच शिकवावे लागते, आणि नेमके हेच कोणी शिकवत नसल्यामुळे चांगला हात असलेला फिटर पुढे जाऊन मुकादम किंवा पर्यवेक्षक होऊ शकत नाही.

आणखी एक अडचण वेळापत्रकाची आहे. एका इमारतीत सेंट्रिंगचे काम काही महिने चालते, नंतर त्या माणसांना तेथे काम नसते. शिकाऊ सुताराचे शिक्षण तेवढ्यात पूर्ण होत नाही. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी सामायिक शिकाऊ योजना आहेत. त्यांत शिकाऊ उमेदवार एका संस्थेच्या नोकरीत असतो आणि वेगवेगळ्या ठेकेदारांकडे कामाच्या टप्प्यांनुसार पाठवला जातो. नगर पुनरुज्जीवनात एकाच परिसरात अनेक कामे एकामागून एक निघतात, त्यामुळे अशी व्यवस्था येथे एखाद्या सुट्या इमारतीपेक्षा अधिक सोपी आहे. अट एवढीच की कामांचा क्रम आधी ठरलेला असावा.

नगररचना_अभ्यासक

दोघांचेही मनापासून आभार. यातून दोन शंका निर्माण झाल्या. ‘स्थानिक’ कोणाला म्हणायचे? मुकादमाच्या टोळीतील माणसे दुसऱ्या राज्यातून आलेली असली, तरी त्यांतील अनेक जण वर्षानुवर्षे त्याच वस्तीत भाड्याने राहतात. त्यांना बाहेर ढकलणारी सूचना आमच्या गटाने करावी, असे मला वाटत नाही. दुसरे म्हणजे, आपल्याकडील सध्याच्या कायद्यांचा यासाठी काही आधार घेता येतो का?

श्रमकायदा_वाचक

आपली पहिली शंका अतिशय योग्य आहे. जन्मस्थान किंवा अधिवासाच्या दाखल्यावर आधारलेली सक्ती घटनेच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे. हरियाणाने 2020 च्या कायद्याने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी 75 टक्के जागा राखल्या होत्या. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये तो कायदा रद्द ठरवला. आपल्या टिपणात ‘स्थानिक’ म्हणजे प्रकल्पाच्या परिसरात सध्या वास्तव्य असलेला कामगार, मग तो मूळचा कोठलाही असो, अशी व्याख्या ठेवावी. नाक्यावर रोज उभे राहणारे मजूर त्या व्याख्येत आले पाहिजेत. तसेच ठेकेदाराने बाहेरून माणसे आणण्यापूर्वी ठरावीक मुदतीत स्थानिक नोंदणी केंद्राला रिकाम्या कामांची माहिती द्यावी, एवढे बंधनही बरेच काम करते. ते कोणाचीही वाट अडवत नाही आणि माहितीची मक्तेदारी मात्र मोडते, कारण बहुतेक वेळा काम निघाले आहे हे मुकादमाशिवाय कोणाला कळतच नाही.

दुसऱ्या शंकेबाबत: 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत 2019 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने कंत्राटी कामगार धरून एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे अपेक्षित आहे. बांधकामात अडचण अशी की काम तुकड्यांत वाटले जाते आणि प्रत्येक उपठेकेदाराची टोळी या मर्यादेच्या खाली राहते. म्हणून शिकाऊ उमेदवारांचे बंधन मुख्य ठेकेदारावर आणि संपूर्ण कामाच्या मनुष्यबळावर घालावे, असे निविदेतच स्पष्ट लिहावे लागेल.

बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये झालेल्या कायद्यांनी बांधकाम खर्चाच्या 1 ते 2 टक्के उपकर आणि त्यातून कल्याणकारी योजना अशी रचना उभी केली. कामगाराच्या नोंदणीसाठी 18 ते 60 वर्षे वय आणि मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस काम अशी अट त्या कायद्याने घातली. उधड्यावर काम करणाऱ्याला 90 दिवसांचा दाखला मिळवणे अवघड जाते, कारण टोळीतील माणसाचे नाव मुख्य ठेकेदाराच्या कागदावर नसतेच. तासांची नोंद ठेवण्याची अट निविदेत आली, तर हा दाखला आपोआप तयार होतो. माझ्या दृष्टीने तासांच्या नोंदीचा हा लाभ रोजगाराच्या आकड्यापेक्षा कमी नाही. त्याच नोंदीच्या आधारे पूर्वानुभवाला मान्यता देणारे प्रमाणपत्र मिळण्याची वाटही सुकर होते.

चुना_आणि_दगड

एक मुद्दा राहून जात आहे. पुनरुज्जीवन म्हणजे सगळे पाडून नवे बांधणे, असे गृहीत धरले की रोजगाराचा मोठा भाग हातचा जातो. दुरुस्ती आणि जतनाच्या कामात एकूण खर्चापैकी मजुरीचा वाटा मोठा आणि साहित्याचा लहान असतो. नव्या काँक्रीटच्या इमारतीत सिमेंट, पोलाद आणि यंत्रसामग्री यांवर जाणारा पैसा गावाबाहेर जातो. जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, तर आतील ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भिंत आतून खराब होते. तेथे चुन्याचेच काम करावे लागते, आणि ते जाणणारे हात आता फार थोडे उरले आहेत. असे कारागीर सापडतात तेथे त्यांना प्रशिक्षक म्हणून नेमावे आणि शैक्षणिक पात्रतेची अट त्यांना लावू नये. कच्छमध्ये 2001 च्या भूकंपानंतर भूजच्या हुन्नरशाला या संस्थेने कारागिरांच्या पारंपरिक ज्ञानाला केंद्रस्थानी ठेवून काम उभे केले, ते अभ्यासण्यासारखे आहे.

कररचनाही कधीकधी उलट्या दिशेने ओढते. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य आहे आणि दुरुस्तीवर सर्वसाधारणपणे 20 टक्के आहे. अशा ठिकाणी पाडून बांधणे स्वस्त दिसते, ते करामुळे.

वैशाली_स

वरील सर्व चर्चेत शिकाऊ म्हणजे पुरुष असेच गृहीत धरलेले दिसते. साइटवर स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, परंतु घमेले आणि विटा यांच्या पुढे त्यांना जाऊ दिले जात नाही. वर सांगितलेल्या, कसबानुसार तास मोजण्याच्या पद्धतीत स्त्रियांच्या तासांचा रकाना वेगळा ठेवावा, म्हणजे गवंडीकाम, फरशीकाम आणि रंगकाम यांत त्यांचे तास शून्य आहेत हे निदान कागदावर दिसेल. 50 पेक्षा अधिक स्त्री कामगार असल्यास पाळणाघर द्यावे, असे 1996 च्या कायद्यात होते. छोट्या टोळ्यांत विभागलेल्या कामावर ही संख्या कागदोपत्री कधीच भरत नाही. पुनरुज्जीवनाच्या संपूर्ण परिसरासाठी एक पाळणाघर नगरपालिकेनेच चालवावे आणि त्याचा खर्च प्रकल्पात धरावा. मोबाइल क्रेशेस ही संस्था 1969 पासून बांधकामाच्या ठिकाणी हेच काम करीत आली आहे, त्यामुळे ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. प्रशिक्षणाची वेळ संध्याकाळी ठेवली, तर स्त्रिया येणार नाहीत. ते कामाच्या वेळेत आणि पूर्ण मजुरीसह असले पाहिजे.

निविदा_आणि_मोजमाप

वैशालीताईंचा शेवटचा मुद्दा निविदेच्या अटीत शब्दशः घ्यावा. शिकण्याचा वेळ हा मजुरीचाच वेळ धरला जावा.

टिपणासाठी देयकाच्या अटीचा एक मसुदा सुचवतो. प्रशिक्षणाच्या बाबीची रक्कम तीन टप्प्यांत द्यावी: पहिला भाग शिकाऊंची नोंदणी होऊन ते प्रत्यक्ष कामावर रुजू झाल्यावर, दुसरा भाग मधल्या चाचणीनंतर, आणि सर्वांत मोठा भाग काम पूर्ण झाल्यावर, त्या ठेकेदाराशी संबंध नसलेल्या परीक्षकाने प्रत्येक शिकाऊचे हातकाम तपासल्यानंतर. तासांचा तक्ता प्रत्येक चालू देयकासोबत जोडलेला नसेल, तर ते देयक स्वीकारू नये. न वापरलेली रक्कम ठेकेदाराची बचत ठरू नये. ती त्याच परिसरातील पुढच्या कामाच्या प्रशिक्षणाकडे वळवावी. आपल्या मसुद्यात या अटी कशा बसतात ते येथे टाकल्यास, त्यातील भाषा अंदाजपत्रकाच्या नमुन्याशी जुळवून देण्यास मी तयार आहे.