मदत हवी आहे: स्मॉल सेल लावले, दांड्या पूर्ण, तरी कॉल तुटतो

नमस्कार मंडळी. ऑपरेटरच्या मदतीने आमच्या पाच मजली इमारतीत ४जीचे सहा स्मॉल सेल (कमी ताकदीचे छोटे मोबाइल टॉवरच म्हणा) बसवले. तळघरात पूर्वी फोन लागतच नसे, आता बोलणं स्वच्छ ऐकू येतं. अडचण वरच्या मजल्यांवर आहे. तिथून टॉवर समोरच दिसतो आणि आमचे सेलही त्याच २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर चालतात. खिडकीपाशी आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ८० डीबीएम, म्हणजे उत्तम. पण एसआयएनआर (व्यत्यय आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते) जेमतेम २ डीबी, म्हणजे खराब. दोन पावलं आत आलं की फोन सेलवर जातो, खिडकीशी गेलं की परत टॉवरवर, आणि या ये-जा करण्यात कॉल तुटतो.

सेलची पॉवर वाढवून पाहिली, तर त्रास जिन्यापर्यंत पसरला!

आता हँडओव्हरचा (फोन एका सेलवरून दुसऱ्यावर जाण्याचा) हिस्टेरेसिस, म्हणजे नवा सिग्नल किती वरचढ हवा तो फरक, आणि टाइम-टू-ट्रिगर, म्हणजे तो किती वेळ वरचढ राहायला हवा ते, वाढवावा, की ईआयसीआयसी (टॉवर आणि सेल यांच्यातला व्यत्यय वेळ वाटून टाळायची पद्धत) वापरून टॉवरच्या काही सबफ्रेम (एक मिलिसेकंदाचे वेळेचे तुकडे) जवळजवळ रिकाम्या ठेवायची विनंती करावी? त्यासाठी दोन्हीकडचं टायमिंग जुळावं लागतं आणि इमारतीत जीपीएस मिळत नाही. पीटीपीवर (नेटवर्कच्या केबलवरून अचूक वेळ पोहोचवायची पद्धत) कुणी चालवलंय का? स्विच कोणत्या प्रकारचे लागले? वेगळा चॅनल मागणं हाच खरा उपाय असेल, तर तसंही स्पष्ट सांगा.